किनेश्मात आलेला परदेशी

दार उघडताच कापितोलिना येगोरोव्हनांनी हातातला झारा उगारला. "हा मेला? माझ्या दारात?"

इनोकेंती केकचा खोका छातीशी धरून एक पायरी मागे सरला. आई जरा तापट आहे, असं बरोबर आलेल्या रिम्माने त्याला सांगून ठेवलं होतं. आई रोज संध्याकाळी टीव्हीवरची राजकारणाची चर्चा बघते, हे मात्र सांगितलं नव्हतं.

त्या चर्चेत इनोकेंती 'युरोपचे तज्ज्ञ, मिस्टर वेस्टरहोल्म' असायचा. मूळचा तो रशियातल्याच व्होलोग्दाचा नट. नाटकात कामं मिळेनात, म्हणून मॉस्कोत येऊन त्याने हे परदेशी तज्ज्ञाचं सोंग धरलं. मिस्टर वेस्टरहोल्म नेमके कुठल्या देशाचे, ते कधी कुणी विचारलं नाही. त्यांनी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये "पण तुमच्या इथली सामान्य माणसं..." एवढं म्हणायचं, की निवेदक, दोन खासदार आणि एक निवृत्त जनरल त्यांच्यावर तुटून पडत. एकदा जनरलने त्यांच्या डोक्यावर पाण्याचा ग्लास ओतला. तो भाग लोकाग्रहास्तव पुन्हा दाखवला गेला.

"आई, अगं तो आपलाच आहे, रशियन!" रिम्मा ओरडली. "हाच इनोकेंती. तू हो म्हणालीस तर आम्ही लग्न करणार आहोत."

"आणि नाही म्हणाले तर?"

रिम्मा आईच्या शब्दाबाहेर जाणार नाही, हे इनोकेंतीला ठाऊक होतं.

आरडाओरडा ऐकून शेजारचा सवेली मार्कोविच कुंपणावरून डोकावला. तो सत्ताधारी पक्षाच्या किनेश्मातल्या कचेरीत बसायचा. गावात कोण काय बोलतं, याची त्याला फार काळजी.

"वा, येगोरोव्हना! युरोप पकडलात की!" असं म्हणत तो न बोलावताच आत आला आणि टेबलाशी ऐसपैस बसला.

मग कापितोलिना येगोरोव्हनांच्या तोंडाचा पट्टा सुटला. एका हाताने त्या पाहुण्याला वाढत होत्या आणि तोंडाने सोलून काढत होत्या.

"घे, कोबी भरून भाजलेला पिरोग घे! तुमच्याकडे म्हणे लोक थंडीने कुडकुडतात! आमच्यावर निर्बंध लादता आणि आमच्याच काकड्या हादडता? लाज नाही वाटत?"

"काकड्या छान आहेत," इनोकेंती कसाबसा म्हणाला.

सवेली मार्कोविच मांडीवर थापा मारत होता. "अहो मिस्टर, जरा ते तुमचं टीव्हीवरचं म्हणून दाखवा ना!"

इनोकेंतीने घसा खाकरला. "पण तुमच्या इथली सामान्य माणसं..."

"चूप!" कापितोलिना येगोरोव्हनांनी टेबलावर अशी थाप मारली, की पेले उडाले.

"जनरलपेक्षा भारी!" सवेली मार्कोविच म्हणाला. मायभूमीच्या नावाने त्याने दोन पेले रिचवले आणि हसता हसता डोळे पुसत तो घरी गेला.

आता काही खरं नाही, असं इनोकेंतीला वाटलं. तो उठून आपले बूट शोधू लागला.

"बस खाली." कापितोलिना येगोरोव्हनांचा आवाज एकदम उतरला होता.

शेजारचं फाटक वाजेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला, टीव्ही मोठ्याने सुरू केला. कुणी ऐकत असेल म्हणून दोघांचे फोन उचलून फ्रिजमध्ये ठेवले. आणि खुर्ची ओढून त्या इनोकेंतीच्या अगदी जवळ बसल्या.

"रोज बघते रे बाळा तुला. तू तोंड उघडतोस आणि ते मेले तोडतात. कधीतरी एखादा शब्द निसटेल म्हणून मी कान लावून बसते. 'पण तुमच्या इथली सामान्य माणसं...' पुढे काय? सांग आता."

इनोकेंतीने रिम्माकडे पाहिलं. ती टेबलावरचे तुकडे गोळा करत होती.

"पुढे काही नाही हो," तो खालमानेने म्हणाला. "मला तेवढंच लिहून देतात."

"तेवढंच?"

"तेवढंच."

कापितोलिना येगोरोव्हनांनी पिरोगचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून त्याच्या ताटलीत ठेवला.

"असू दे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "खाता खाता ऐका. पुढचं मी सांगते."