तिसरं कडवं

“सिनेमाची गाणी शिकायला युनिव्हर्सिटी कशाला? कोपऱ्यावरचं चहाचं दुकान पुरे!” श्रीनिवासराव कडाडले. शांभवीने मान खाली घातली. एम.ए.च्या प्रबंधाला तिने जुन्या तमिळ सिनेमातल्या गाण्यांचा विषय घेतला होता, आणि तो घरातच नापास झाला. तंजावुरात केबल टीव्ही आल्यापासून शेजारून दिवसभर सिनेमाची गाणी कानांवर आदळत. त्यांच्यावरच लेकीने पदवी घ्यावी, हे श्रीनिवासरावांना सोसेना.

“अमचं ऊंजलचं गाणं आहे, त्यावर लिही. नाहीतर शिक्षण पुरे. कुंभकोणमचं स्थळ केव्हाचं थांबलं आहे,” त्यांनी निकाल दिला.

ऊंजलचं गाणं म्हणजे त्यांच्या घराण्याचा जीव. लग्नात नवरानवरीला ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर बसवलं की घरच्या बायका ते म्हणत. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत मराठी घरं पुष्कळ, पण हे गाणं याच घराचं. थेट भोसल्यांच्या दरबारातून आलेलं, असं श्रीनिवासराव छाती फुगवून सांगत. कडवी दोनच. तिसरं म्हणे राज्याबरोबर गेलं. म्हणून तिसऱ्याच्या जागी सगळ्यांनी गप्प राहायचं, नुसता झोपाळा हलू द्यायचा, असा रिवाज पडला होता. त्या शांततेत कड्यांची कुरकुर तेवढी ऐकू येई आणि श्रीनिवासरावांचे डोळे हमखास भरून येत. स्वतःच्या लग्नात तर ते झोपाळ्यावर बसून रडले होते. त्यावरून बायको अजून त्यांना चिडवायची.

गाणं सगळ्यांत चांगलं येई ते त्यांच्या थोरल्या बहिणीला. सुंदरीअत्याने सत्तरी ओलांडली होती, पण गळा अजून ताठ होता. टेप करायचं ठरलं तशी ती माडीवरच्या खिडकीपाशी येऊन बसली. पदर सावरला, खाकरून घेतलं. यंत्राचं काम बायकांचं नव्हे, म्हणून बटण श्रीनिवासरावांनी स्वतः दाबलं. चुकीचं दाबलं.

आत कोरी कॅसेट नव्हतीच. प्रबंधाच्या प्राध्यापिकाबाईंनी सकाळी दिलेली, जुन्या सिनेमाच्या गाण्यांची होती. शांभवीने ती अजून ऐकलीही नव्हती. जुन्या तबकडीची खरखर झाली आणि एक बाई तमिळमध्ये गाऊ लागली. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या सिनेमातलं गाणं. चाल मात्र ऊंजलची. तीच उचल, तीच वळणं, ओळीच्या शेवटी तोच हेलकावा.

शांभवीने मनाशी हिशेब केला. सिनेमाही गेला, ऊंजलही गेलं. आता कुंभकोणमचं स्थळ तेवढं उरलं.

श्रीनिवासराव पांढरेफटक पडले. “अक्का, अमचं गाणं चोरलं की यांनी!”

“त्यांचंच रे ते,” अत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. ती हसली नाही आणि ओशाळलीही नाही. “पलीकडं तेथें टेंट कोट्टाय होता, तंबूतला सिनेमा. खेळाच्या आधी रोज सांजेला ही प्लेट लावायचे. तू पाळण्यात होतास. अप्पा सिनेमाचं गाणं घरात म्हणू देत नव्हते, मग मी मराठी शब्द घातले. जुनं समजून अप्पांनी मला देवापुढं बसवून म्हणायला लावलं. कोठलं म्हणून कोणी विचारलंच नाही.”

दुसरं कडवं संपत आलं. श्रीनिवासरावांचं बोट बटणाकडे गेलं.

“थांब, श्रीना! बंद करू नको,” अत्या एकदम म्हणाली. “दुसरं संपायला आणि अप्पा संध्येला बसायला गाठ पडायची. ही खिडकी लावून घ्यायचे. पुढचं मी कधी ऐकलंच नाही.”

बोट तिथेच थांबलं.

तिसरं कडवं सुरू झालं. अत्याने डोळे मिटले. आतापर्यंत कॅसेटबरोबर हलणारे तिचे ओठ आता स्तब्ध होते. शांभवीला भडभडून आलं. आपल्या लग्नघरांतून इतकी वर्षं माणसं एका बंद खिडकीसाठी रडत आली, हे तिला कळलं आणि अत्याचा हात तिने घट्ट धरला.

गाणं संपलं. रिकामी टेप फिरत राहिली. श्रीनिवासरावांनी उपरण्याने डोळे पुसले आणि लेकीकडे न बघता म्हणाले, “उद्या बाईंना सांग. विषय मी दिला तोच, ऊंजलचं गाणं. तिसऱ्या कडव्यासकट.”