अर्धे औषध

हेमकांतने डॉक्टरांच्या टेबलावरची घंटी पुन्हा वाजवली, तेव्हाही जमनाबाईने त्याचा हात धरला नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिले. डॉक्टरांनी ते टिपले. त्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेक पालकांनी एव्हाना मुलाला एक चापट दिलेली असे.

"वय?"

"नऊ."

"वडिलांचे नाव?"

"रतिलाल," ती चटकन म्हणाली.

परिचारिकेने मान वर केली. कोरीटसारख्या गावांतल्या बायका या प्रश्नावर भिंतीकडे पाहतात, पदर तोंडाशी नेतात आणि शेवटी मुलालाच पुढे ढकलतात. "बघा साहेब," ती हसली, "बाई काळाच्या पुढे आहे."

डॉक्टरांनाही ही बाई आवडली. मुलाच्या पायात चकचकीत बूट होते. तिच्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्यांच्याविषयी त्यांना मनापासून आदर होता.

"वडील आले नाहीत?"

"केळीनी गाडी भरानी शे."

"रात्री झोप कशी लागते त्याला?"

जमनाबाई थबकली. "ईचारीसन सांगसू," ती म्हणाली आणि लगेच सावरली, "देखीसन सांगसू, साहेब."

नंदुरबारच्या या दवाखान्यापर्यंत पोहोचण्याआधी हेमकांतचे निदान अनेकांनी करून ठेवले होते. आजीच्या मते नजर, कंपाउंडरच्या मते जंत, काकाच्या मते मोबाईल. शाळेचे निदान सर्वांत शास्त्रशुद्ध होते: संस्कारांचा अभाव. विद्वत्तेच्या पायऱ्या भिन्न असल्या, तरी उपचाराबाबत या सर्व मंडळींत दुर्मीळ एकमत होते. मुलाला बडवावे. तो यथासांग बडवला जात होता आणि यथासांग वर्गाबाहेर पळत होता. परीक्षेपर्यंत सुधारणा न झाल्यास दाखला घेऊन जावा, असे शाळेने आता कळवले होते.

जमनाबाईने मात्र निराळेच पाहिले होते. ठिबकच्या नळीचे एकेक भोक काडीने मोकळे करायला दिले की हाच मुलगा मान वर न करता अख्खी ओळ संपवत असे. सगळा मळा एकदम दाखवला, की पसार. म्हणजे डोके शाबूत होते. ते चालवण्याची रीत कोणाला ठाऊक नव्हती. डॉक्टरकडे न्यायचेच, हा हट्ट तिने घरात धरला आणि पार पाडला. त्या घरात तिचे कोणी ऐकावे, हीच एक मोठी घटना होती.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचे इंग्रजी नाव सांगितले आणि लगेच बाजूला ठेवले. "हा खोडकर नाही, मतिमंद तर नाहीच. याचे लक्ष ठरत नाही. गोळी देतो. पण गोळी हे अर्धेच औषध. उरलेले अर्धे आईने द्यायचे."

"कसं द्यानं?"

तिचा प्रश्न इतका सरळ होता, की डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. एका वेळी एकच काम सांगा. डोळ्यांत बघून सांगा. झाले, की लगेच शाबासकी. उद्यावर ठेवू नका. उठणे, जेवणे, अभ्यास, सगळे ठरल्या वेळी. आणि हात उगारायचा नाही.

"शाळेत जाऊन त्याच्या बाईंनाही हे समजवा."

"शाळेत घरना मोठा मानसं जातस. चिठ्ठी द्या, पोचाडसू."

चिठ्ठी पोहोचली. जमनाबाई दर महिन्याला मुलाला घेऊन येत राहिली, आणि प्रत्येक वेळी सांगण्यासारखे काही तिच्याजवळ असे. हेमकांत आता दप्तर स्वतः भरतो. पाढा म्हणताना मध्येच उठतो, पण परत येतो. एकदा डॉक्टरांनी थट्टेने विचारले, "आणि मारता किती?"

"त्यालेच ईचारा."

"ही मारत नई," हेमकांत गंभीरपणे म्हणाला. "नुसती देखस. तेन्हापेक्षा मारेल परवडस."

परिचारिका खुदकन हसली.

परीक्षा झाली. हेमकांतने सगळे पेपर शेवटच्या घंटेपर्यंत बसून लिहिले आणि शाळेने दाखल्याचा विषय सोडून दिला. त्या महिन्यात डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "हे माझे श्रेय नाही, बाई. याला याच्या आईने बरे केले. पण आता गाफील राहू नका. गोळी कमी करायची की नाही ते मी पाहीन. तुमची शिस्त मात्र अजून वर्षभर तुटता कामा नये. ती तुटली, तर हा पुन्हा होता तिथे जाईल."

"तुटाव नई," जमनाबाई म्हणाली. एवढ्या खात्रीने ती आयुष्यात फार थोड्या वेळा बोलली असेल.

कोरीटच्या फाट्यावर रिक्षातून उतरून दोघे शेताच्या वाटेने मागच्या दाराशी आले. ओट्यावर कामिनीवहिनी वाट पाहत उभी होती.

"कोन्ही देखं ते नई ना? दवाखानानं नाव निंघनं ते पुढे याले पोर कोन दी?"

"कोन्ही नई, वहिनी."

"काय म्हने डॉक्टर?"

जमनाबाईच्या चेहऱ्यावर दिवसभर दाबून धरलेले हसू फुटले. "भलता खूश व्हयना. म्हने, याले याना मायनीच बरा करा. आनि म्हने, आते वरीसभर..."

कामिनीने हेमकांतला हाताला धरून आपल्याकडे ओढले. थोडा वेळ ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"मन्हा पोऱ्याले आते मीच सांभायसू, जमना. तू उद्यापाईन कामले येऊ नको."