रावीने निवडलेला पिकअप

आठ महिन्यांची रावी हाकेला वळत नव्हती, म्हणून सारिकाने एरंडोलहून धुळ्याला जाऊन तिचे कान तपासून घ्यायचा धोशा लावला होता. तिच्या सासूबाई ताईबाई मात्र उडवून लावायच्या, "बाप गिटार वाजाडस तं कशी हासस पोर! तिना कान चांगला शेतस."

सारिकाचा नवरा प्रेमराज लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचा. तारांखालचा, त्यांचा आवाज स्पीकरकडे पोचवणारा जुना पिकअप खरखरायला लागला, म्हणून त्याने पारखायला दोन नवे आणले. रविवारी पहिला बसवून, गिटार खाली ठेवलेल्या मोठ्या स्पीकरला जोडून त्याने जाड तार छेडली, तशी फरशीवर बसलेली रावी खुदकन हसली आणि हात आपटू लागली. वायरींना सोल्डरचा डाग देऊन दुसरा बसवला, तोवर ताईबाईंनी तिला मांडीवर घेतलं होतं. या वेळी तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"परीक्षक मॅडमनी पहिला पास केला!" प्रेमराज खूश झाला. "दोन पिकअपमधला फरक कळतो हिला, आणि तू हिचे कान तपासायला निघालीस!"

ताईबाई हसल्या. सारिकाला हसू आलं नाही.

"अहो, पहिला परत बसवा," ती म्हणाली. तिने रावीला मांडीवरून उचलून कडेवर घेतलं. "आता वाजवा. जोरात वाजवा."

 

तार घुमली, सारिकाच्या अनवाणी पायांखाली फरशी थरथरली, आणि कडेवरची रावी आईच्या कुडत्याचं बटण शांतपणे चघळत राहिली.