वेगळी भाकरी

पहिलं लेकरू पाठीचा कणा उघडा घेऊन आलं आणि अकराव्या दिवशी गेलं. "आता दिवस जायच्या आधीपासूनच फोलिकची पिवळी गोळी घ्यायची," कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी उज्ज्वलाला बजावलं. कागलला घरी येताच सासऱ्यांनी गोळ्या चुलीत घातल्या. "गोळ्यांनी कूस जळती. परत दवाखाना गाठायचा न्हाय!"

सासू म्हणाली, "बरं केलंसा."

दुसऱ्या दिवसापासून सासूनं उज्ज्वलाच्या हातची परातही काढून घेतली. "तुझी भाकरी वातड हुतीया." रोज तिची एक भाकरी वेगळी थापायची आणि समोर बसून शेवटच्या घासापर्यंत खायला लावायची. दवाखान्याची वाट बंद, उंबरा बंद, आता पिठातला हातही बंद. 

एकदा मीठ शोधताना पिठाच्या डब्यामागं तिला खलबत्ता सापडला. तळाशी पिवळी पूड, शेजारी त्याच फोलिकच्या गोळ्यांचं नवं, अर्धं संपलेलं पाकीट. वळून बघती तर मागं सासू उभी.

"आत्ती, हे..."

"हळू बोल, ह्ये भाईर सोप्यात बसल्यात." सासूनं परात पुढं ओढली. "माझी तीन गेली, अशीच पाठ उघडी घेऊन. मला कुणी मळून घातलं न्हाय."