भूमिदेवाचा कौल

"तुमचा पासपोर्ट कुठे असतो?" कुओबाईंनी विचारलं.

"माझ्याजवळ," थुआन म्हणाला. उत्तर पढवलेलं होतं. लुगांगच्या त्या नळांच्या कारखान्यातल्या सगळ्या व्हिएतनामी कामगारांनी सकाळपासून तेच, त्याच सुरात दिलं होतं.

कुओबाई माल घेणाऱ्या जर्मन कंपनीच्या तपासनीस. धुळीचे मास्क बघून झाले होते. नळांना मुलामा दिल्यावर उरलेलं घाण पाणी गाळून सोडतात की तसंच, तेही बघून झालं होतं. "दाखवता?" त्या म्हणाल्या.

थुआन उठला आणि कोपऱ्यातल्या भूमिदेवाच्या मूर्तीपुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. दुसरीकडे जाणार तरी कुठे बिचारा? पासपोर्ट देवाच्या चौरंगाखालच्या खणात आणि खणाची किल्ली सिउयूकाकींच्या गळ्यात.

काकी मालकीण. स्वभावानं वाईट नाहीत. कुणाला ताप आला तर स्वतः पेज करून आणतील. "देवाजवळ ठेवलेत," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "पोरं परक्या मुलखातली, हरवून बसायची. हवा असेल त्यानं मागावा. मी कौल लावते. देव हो म्हणाला की देते."

"देव कधी हो म्हणालाय?"

थुआन खाली बघूनच बोलला, "आई अंथरुणाला खिळलीय. मी तीनदा मागितला. तिन्ही वेळा देव नाही म्हणाला."

"काकी, पासपोर्ट देवाचा नाही, याचा आहे," कुओबाई म्हणाल्या. "सगळ्यांचे आजच्या आज ज्याच्या त्याच्या हातात पडायला हवेत. नाहीतर पुढची ऑर्डर विसरा."

काकींनी देवापुढचे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी कौल उचलले. एक उताणा, एक पालथा पडला की होकार; दोन्ही पालथे पडले की नकार. देवाला विचारल्याशिवाय त्यांनी कधी साधं मशीनसुद्धा घेतलं नव्हतं. डोळे मिटून बराच वेळ पुटपुटल्या आणि कौल टाकले.

दोन्ही पालथे.

काकी गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि बोटानं एक कौल उताणा केला.

"म्हातारा झालाय," देवाकडे न बघता त्या म्हणाल्या. "ऐकायला कमी येतं त्याला."

काकींनी गळ्यातल्या किल्लीनं खण उघडला. थुआननं पासपोर्टातला आपला फोटो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तो शर्टाच्या आतल्या खिशात घातला. त्याला रडू येत होतं. गेलेला माणूस परत येत नाही, हीच तर काकींची पहिल्यापासूनची भीती.

"परत येशील ना रे?"

थुआननं जमिनीवरचे कौल उचलून त्यांच्या हातात ठेवले.

"देवाला विचारा, काकी."