अमूचा डबा

"साखर घालायची विसरलात की काय?" ओट्यावर सांडलेला चुरा जिभेवर ठेवून ललिताबाईंनी विचारलं.

"विसरलो नाही. कमी घातली," रामदास म्हणाले. "अमूला हल्ली गोड सोसत नसेल. पस्तिशी आली तिची."

रामदासांनी छत्तीस वर्षं कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टी सांभाळली होती. आता धायरीच्या दोन खोल्यांत एक लहानसा ओव्हन होता आणि हौस एवढी एकच उरली होती, नाताळच्या सुट्टीत लेकीसाठी अंजिराच्या पट्ट्या करायच्या. कृती सोपी. मैदा, लोणी आणि साखर हाताने चोळायची, अर्धा चुरा ट्रेमध्ये दाबायचा, त्यावर लिंबू पिळून आटवलेला सासवडच्या अंजिरांचा गर पसरायचा आणि वरून उरलेला चुरा भुरभुरवायचा. लहानपणी अमू ट्रे गार व्हायची वाट बघत ओट्यापाशी फतकल मारून बसायची. कडेची पहिली पट्टी तिची असायची.

"आणि अक्रोड?"

"यंदा नको. दाताखाली येतात."

"तिच्या दातांना काय धाड भरलीय?"

"मऊच बऱ्या."

ललिताबाईंनी वाद घातला नाही. त्यांची स्वतःची दाढ आठवडाभर ठणकत होती, बोलायचाही कंटाळा आला होता.

सहा वर्षांपूर्वी अमूने रामदासांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन ती दारात उभी राहिली, तर त्यांनी आतून कडी काढली नाही. ती पेढे उंबऱ्यावर ठेवून गेली. ते त्यांनी कुरियरने परत पाठवले. त्याचा पस्तावा त्यांना लवकरच झाला, पण माफी मागायला जीभ रेटेना. मग दर वर्षी चोवीस डिसेंबरला पट्ट्यांचा डबा निघायला लागला. हिंजवडीला, अमूच्या ऑफिसात. घेऊन जायचं काम ललिताबाईंचं.

"गेल्या वर्षी काय म्हणाली होती?" सुरी पुसत रामदासांनी विचारलं.

"सांगितलं ना तेव्हाच. गेटपाशीच डबा उघडला. आधी कडेची पट्टी खाल्ली."

"आणि डबा धुऊन दिला."

"हो."

"शाळेचा डबा कधी धुतला नाही पोरीने. नोकरीने सुधारली म्हणायची."

त्यांनी मोजून आठ पट्ट्या स्टीलच्या डब्यात रचल्या.

"ललिता, माझा चष्मा बघ गं आत."

चष्मा आत कुठेच नव्हता. ललिताबाई परत आल्या तेव्हा तो रामदासांच्याच नाकावर होता आणि डब्याला झाकण लागलं होतं.

"सापडला," रामदास म्हणाले. "शुगरची गोळी घेतलीस?"

"आल्यावर घेते. बस चुकेल."

"स्वेटर घे. वारा असतो."

"भर दुपारी बसमध्ये कसला आलाय वारा?"

"असू दे जवळ."

धायरी फाट्यावर हिंजवडीच्या बाजूला जाणारी बस आली. ललिताबाईंनी ती जाऊ दिली. कात्रजची आली, तिच्यात त्या चढल्या. तिकीट नेहमीसारखं पिशवीत टाकलं.

तळ्याकाठच्या बागेतला त्यांचा नेहमीचा बाक रिकामा होता. डबा मांडीवर घेऊन त्या बसल्या.

अमूपर्यंत हा डबा एकदाच पोचला होता, पहिल्या वर्षी. ती गेटपर्यंत आली आणि म्हणाली, "आई, तू कधीही ये. पण हा परत ने. माझे पेढे ठेवून घेतले होते का बाबांनी?" तिने झाकणसुद्धा उघडलं नाही. परतताना ललिताबाईंचे डोळे इतके भरून येत होते, की धायरीचा थांबा मागे पडला आणि त्या थेट कात्रजला उतरल्या. भरला डबा घेऊन घरी जाववेना. नवऱ्याच्या हातचं टाकवेना, कुणा परक्याला देववेना. या बाकावर बसून आठही पट्ट्या त्यांनी स्वतः संपवल्या आणि नळावर डबा धुतला. घरी रामदास दारातच उभे होते. "खाल्ल्या?" असं त्यांनी लहान मुलासारखं विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून दर वर्षी हाच बाक. हिंजवडीला जाऊन यायचं म्हणजे चार-पाच तास तरी मोडायला हवेत, तेवढा वेळ त्या इथे काढायच्या. नंतर आठवडाभर शुगर चढलेली असायची आणि डॉक्टरांची बोलणी खावी लागायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. भीती एकच होती. त्या एका "हो"वर नवऱ्याचं वर्ष निघत होतं. खरं कळलं तर हा माणूस पुन्हा ओव्हन लावणार नाही, अंथरूणच धरेल. लेक तर गेलीच होती, आता यांनाही गमवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. अमूला फोनवर कितीदा विनवून झालं होतं. बाबांचं नाव काढलं की ती फोन ठेवायची.

शेजारच्या बाकावर कुणी आपल्या नातवाला मक्याचं कणीस सोलून देत होतं. ललिताबाईंनी मान वळवली. त्यांना मनापासून रडू आलं, पण लोकांदेखत रडायचं कसं, म्हणून त्यांनी डबा उघडला.

वर बटर पेपरची घडी होती. ती उचलली, तर खाली पट्ट्यांवर शुगरची एक गोळी ठेवली होती, आणि कॅलेंडरच्या पानाचा कपटा. अक्षर रामदासांचं होतं.

"ललिता, आधी गोळी घे, आणि दोनच खा. मऊ केल्यात, दाढेला लागणार नाहीत. संध्याकाळपर्यंत तळ्यावर बसू नकोस, गारठा असतो. लवकर घरी ये."