झाकलेला कप

छायाचित्रकाराला यंदाचं पहिलं बक्षीस मिळालं ते 'वाट' या फोटोसाठी. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी, खिडकीत बसलेली एक म्हातारी, समोर चहाचे दोन कप आणि त्यातल्या एकावर झाकलेली बशी.

प्रदर्शनात परीक्षकबाई त्या फोटोसमोरून हलेनात. "कोण कुठली म्हातारी, पण तुमचा केवढा हा कळवळा! तिला निदान हाक तरी मारावीशी नाही वाटली?"

"छे हो! कुणाच्या एकटेपणात ढवळाढवळ करायची नाही, हे माझं तत्त्व. समोरच्या फुटपाथवर लांबची लेन्स लावून अर्धा तास उभा होतो, पण तिला चाहूलही लागू दिली नाही."

धन्य ते तत्त्व! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात गर्दीतून छायाचित्रकाराची आई पुढे आली. बक्षिसाची बातमी तिला शेजारणीकडून कळली होती. तिने चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. खिडकी तिची, पडदा तिचा, कपही तिचेच.

"हा त्याच दिवशीचा ना रे? पाचला चहाला येतो म्हणालास, आणि मग फोन केलास, 'आई, गावाबाहेर अडकलोय, आज काही जमत नाही' म्हणून?"

छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करू लागला. "अगं आई, तसं नव्हे..."

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.



"असू दे रे बाळा. तू वर आला असतास, तर फोटो बिघडला असता."